कोणाचंच नसलेलं जनावर

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलायचा तो रांजण. भरलेल्या रांजणाला फारसा आवाज नसतो. पाणी तळाला गेलं की मात्र तांब्या त्याच्या बुडावर खरडतो आणि तो आवाज थेट दातांत जातो. माय पहाटे उठून पहिल्यांदा तोच आवाज करायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या खरडण्यावरून ओळखायची, आज नदीतल्या झिऱ्यावर जायचं की गावातल्या विहिरीवर. झिरा म्हणजे कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला खड्डा. तिथं वाटीवाटीनं पाणी गोळा करावं लागे, पण कोणाचं तोंड बघावं लागत नसे. गावातल्या विहिरीला पाणी होतं, पण आम्हाला तिच्या काठावर चढायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि एखादी भली बाई आली की तिनं वरून ओतायचं. याबद्दल कायदा काय म्हणतो ते मला शाळेत शिकवलं होतं. विहिरीवर मी तो कधी म्हणून दाखवला नाही, कारण रिकामी घागर घेऊन घरी जायची माझी तयारी नव्हती.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात, भोकरदनच्या शाळेत होते आणि सुट्टीत घरी आले होते. आमचं गाव राजूरपासून पायी तासाभराच्या अंतरावर. घरात मी, माय, बा आणि दोन धाकट्या बहिणी. खायला मिलो मिळायची, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीला चव म्हणून नव्हती. थापताना कडा फाटायच्या आणि निवली की ती कौलासारखी वाजायची. माय ती भाकर लसणाच्या ठेच्याबरोबर द्यायची आणि वर म्हणायची, "पाणी कमी प्या." तिखट देऊन पाणी कमी प्या म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आता जालन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तेव्हा सगळी गल्ली कुरकुरते. मी कुरकुरत नाही, पण भांडी भरून ठेवायची माझी घाई बघून नातवंडं हसतात.

बाबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. गावात कोणाचं ढोर मेलं की मालकाचा सांगावा यायचा आणि आमच्या माणसांनी जाऊन ते ओढून आणायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी ते काम सुटलं. पहिली सुरी ओढ्यात फेकली ती बानं. गावानं बरेच दिवस मजुरी बंद ठेवली, दळण बंद केलं, तरी कोणी वाकलं नाही. मी तेव्हा मांडीवर होते. त्यानंतर बानं मेलेल्या जनावराला बोट लावलं नाही. घरची शेळी मेली तेव्हासुद्धा ती आम्हा पोरींकडून पुरून घेतली आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. बा कमी बोलायचा, पण वस्तीतले गडी कुठलंही काम हातात घेण्याआधी एकदा त्याच्याकडे बघायचे.

दुष्काळी कामातून आमच्या वस्तीसाठी विहीर मंजूर झाली, आणि जागा निघाली ती नेमकी हाडकीत. हाडकी म्हणजे वस्तीमागची पड जमीन, पूर्वी मेलेली ढोरं जिथं नेऊन सोलत ती. ते नाव आम्हाला नको होतं, पण जिभेवरून जात नव्हतं. जागा दाखवली पिंगळे साहेबांनी. ते पाणी शोधणाऱ्या खात्यातले, तिशीच्या आतले, गळ्यात भिंग आणि हातात हातोडी. दगड फोडून ते जिभेला लावून बघायचे, आणि वस्तीतली पोरं त्यांची नक्कल करत दिवसभर दगड चाटत हिंडायची. साहेबांनी बाला सांगितलं होतं, "वरचा काळा दगड फोडत जा. खाली तांबड्या मातीचा थर लागेल. तो पार केला की पाणी असायला पाहिजे." असायला पाहिजे, एवढंच म्हणाले. वस्तीनं त्याचं 'आहेच' करून टाकलं आणि सगळे कामाला लागले. गडी खाली फोडायचे, बाया पाट्या भरून द्यायच्या, वर आम्ही ओढून ढिगावर ओतायचो. पहारीचा ठाण ठाण आवाज घरापर्यंत यायचा. तो बंद पडला की माय स्वयंपाक टाकून बाहेर येऊन बघायची.

तांबडी माती लागली त्या दिवशी पहारीचा आवाज बदलला. ती माती नावालाच माती. भाजून विटेसारखी झालेली. मधेच एका कडेला राखाडी, जरा मऊ पट्टा होता. तिथून आलेली एक पाटी मी ढिगावर उलटी केली आणि माझ्या पायाशी जबड्याचा तुकडा पडला. तळहाताएवढा, जड, काळपट. त्याला दात होते. गुराचे दात आमच्याकडच्या पोरीला ओळखायला शिकवावे लागत नाहीत. ते चपटे, दळायचे. हे दात मागं वळलेले होते, कोयत्याच्या पात्यासारखे, आणि कडेवरून बोट फिरवलं तर बारीक करवत लागायची.  मी तो तुकडा ओच्यात घेतला आणि बा वर येईपर्यंत थांबले.

बानं लांबूनच बघितला. "कुठं सापडला?"

"खाली. त्या राखाडी मातीत."

"टाक ढिगात."

"बा, हे ढोराचं न्हाई. दात तर बघ."

"मी सांगून राह्यलो ना, टाक. हाडकीत हाडं निघाली हे गावात गेलं की मंग विहीर गेली."

मी टाकला. ढिगात टाक म्हणाला होता, म्हणून ढिगातच टाकला. फक्त कडेला टाकला आणि वर ओळखीचा दगड ठेवला. नंतर कळलं की त्याआधीच्या पाट्यांतूनही हाडं वर आली होती आणि सगळ्यांनी ती गुपचूप ढिगात ओतली होती.  ज्याच्यापासून आयुष्यभर लांब पळालो तेच खालून वर येऊन राह्यलंय, असं प्रत्येकाला आपापल्या जागी वाटलं. दुसऱ्या कुठल्या वस्तीत हे हाड निघालं असतं तर लोकांनी राक्षसाचं म्हणून गाव गोळा केलं असतं, शेंदूर फासून नारळ फोडला असता. आमच्या लोकांनी ते लपवलं. आपण ढोराची हाडं उकरतोय अशी समजूत करून घेऊन शरमेनं मान खाली घालायची, ही चूक आमच्याच हातून होण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी सुरुंगाचं काम होतं. त्या भाजलेल्या थरात भोकं पाडून तयार होती आणि जालन्याहून इस्माईलभाई दारूचा डबा घेऊन आला होता. त्यानं डबा लिंबाच्या सावलीत ठेवला, स्वतः उन्हात बसला आणि बाला बजावलं, "किसनभाई, मेरेकू शाम की गाडी पकडनी है. कल से अंबड कू काम है. बत्ती आज लगी तो लगी, नै तो मंग पाऊस के बाद." पाऊस कधी येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मागच्या वर्षी तर तो आलाच नव्हता. बा म्हणाला, "आजच लावू." तेवढ्यात पिंगळे साहेब सायकलवरून आले. थर किती खोल लागला ते बघायला आले होते. मी ढिगाकडे गेले, दगड उचलला, जबडा घेतला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिला. बानं माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. जबडा दिल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला नाही आणि आजही होत नाही. ते दात कशाचे होते हे मला कळलंच पाहिजे होतं.

साहेबांनी भिंग लावलं. हाड जिभेला लावलं, ते चिकटलं; दगड झालेलं जुनं हाड असं चिकटतं हे मला नंतर कळलं. मग ते दोरावरून विहिरीत उतरले. आम्ही काठावर वाकून बघत राहिलो. ते त्या राखाडी पट्ट्यासमोर गुडघ्यावर बसले, रुमालानं माती झटकली, फुंकर मारली, पुन्हा झटकली. बऱ्याच वेळानं वर तोंड करून म्हणाले, "किसनराव, इथे सुरुंग लावू नका."

बाला त्याआधी कोणी किसनराव म्हटलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याला त्याचं काही वाटण्यासारखं नव्हतं. "किती दिस?" त्यानं विचारलं.

"महिना. कदाचित दोन. कलकत्त्याहून जाणकार माणसं यावी लागतील."

काठावरच्या बायांनी हातातल्या पाट्या खाली ठेवल्या. माय माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "तुझ्या त्या दातांनी वस्तीचं पाणी खाल्लं, इंदे." ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिचं बरोबर होतं आणि माझं चूक नव्हतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं ते मला समजेना.

ही बातमी गावात कशी गेली देव जाणे. देव सोडूनही हे म्हणायची सवय मात्र सुटली नाही. घटकाभरात सरपंच नाना आले, धोतराचा सोगा सावरत, बरोबर दोन माणसं घेऊन. नाना वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही; पुढे त्यांच्या नातवाला मीच शिकवलं आणि पोरगा चांगला निघाला. पण नाना हसत बोलायचे आणि त्या हसण्याची मला भीती वाटायची. ते काठावरून खाली डोकावले.

"साहेब, हाडकीत हाडंच निघणार. त्यात नवल ते काय? पिढ्यान्‌पिढ्या ह्यांनी हितंच ढोरं सोलली."

"नाना, ही ढोराची नाहीत," साहेब खालून म्हणाले. "ही दगड झालेली आहेत. वरचा काळा दगड बनायच्या आधीची आहेत."

"असतील बापा. पण हाडाच्या विहिरीचं पाणी पिणार कोण? तुम्ही तुमचं हाड निवांत काढा. मंजुरी हाय ती मारुतीपाशी हलवू. तिथं बी पाणी हाय. गाव एकच, सगळ्यांनाच होईल."

सगळ्यांनाच होईल म्हणजे काय ते काठावरच्या प्रत्येक बाईला कळलं. मारुतीपाशी विहीर झाली असती तर आमची घागर पुन्हा खाली आणि कोणाचा तरी हात वर. साहेबांनी नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता. त्यांना हाड हवं होतं, आणि नाना ते त्यांना सोन्याच्या ताटात देत होते.  पण साहेब तिथंच खाली बसून राहिले, वर यायचं नाव घेईनात. इस्माईलभाईनं सूर्याकडे बघितलं. बा काठावर उकिडवा बसला होता आणि हातातली पहार नुसती मातीत टोचत होता.

मी दोर धरला आणि खाली उतरले. कोणी अडवलं नाही. मला वाटतं कोणाच्या लक्षातच आलं नाही. खाली हवा थंड होती आणि तळाला ओल्या मातीसारखा वास होता, पाणी मात्र कुठं नव्हतं. साहेबांनी मला बघून जागा करून दिली. राखाडी मातीत ते जनावर कुशीवर पडलेलं होतं. डोकं, मानेचे मणी, पुढचा एक पाय आणि त्याला तीन नखं. मोठं नव्हतं, उभं राहिलं असतं तर वासराएवढं झालं असतं. पायाचं एक हाड मोडलेलं होतं आणि आतून ते पोकळ होतं, कोंबडीच्या तंगडीचं असतं तसं. मी ते म्हटलं तेव्हा साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग भराभर बोलायला लागले, जणू कोणीतरी विचारायची ते वाट बघत होते.

"बरोबर बघितलंस. ही सगळी डायनोसॉरची जात मेली, मुळासकट गेली, असं आम्हाला शिकवलं. आता काही जण म्हणतात की सगळी गेली नाही. काहींचं बदलत बदलत पाखरू झालं. हे त्यातलं नसेलही. पण असा दात आणि असं नख एका जनावराला मी कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही. आपली जमीन तेव्हा समुद्रात एकटी होती, बेटासारखी. त्यामुळे इथल्या जनावरांनी वेगळंच वळण घेतलं असेल. खाली एक लाव्हा, वर एक लाव्हा. मधल्या काळात इथं तळं साचलं, झाडं आली, हे आलं. आग थांबली की जगणं परत येत होतं, आणि येताना जुन्यासारखं येत नव्हतं."

मी ऐकत होते, पण वरून इस्माईलभाईचा खोकला ऐकू येत होता. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला हे पाहिजे, आम्हाला पाणी पाहिजे. दोन्ही एकाच जागी हाय. दिस मावळायच्या आत किती निघंल?"

"तसं करत नाहीत ग." त्यांनी केसांतून हात फिरवला. "सगळं नाहीच निघणार. डोकं, मान आणि हा पाय एका तुकड्यात आहे. तेवढा मातीसकट उचलता आला तर पुष्कळ झालं. पण त्याला प्लास्टर लागतं, नाहीतर हलवताना भुगा होईल."

विहिरीत बोललेलं वर ऐकू जातं. मायचा आवाज आला, "मातीसकट म्हंजे चूल उचलतो तसं का, साहेब?"

आमच्याकडे दुष्काळी कामावर राहायला गेलेल्या बाया घरची चूल मोडून जात नसत, उचलून सोबत नेत. जमलेली चूल बाईला सोडवत नाही. तिला ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वरून पांढऱ्या मातीचा जाड लेप द्यायचा, तो जरा वाळून घट्ट झाला की खाली गोणपाट सरकवायचं आणि चौघींनी उचलायचं. साहेबांनी मायकडून हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्हीही असंच करतो, फक्त प्लास्टरनं. लेपात थोडा बाभळीचा डिंक घाला. जमेल." मिलोची रिकामी पोती घराघरात होतीच. पांढरी माती होती. नव्हतं ते पाणी. लेप कालवायला पाणी लागतं, आणि त्या दिवशी वस्तीत जे होतं ते रांजणांच्या तळाशी होतं.

पण त्याआधी हाडाभोवतीची माती छिन्नीनं सोडवायची होती, आणि ते काम बाशिवाय कोणाला जमणारं नव्हतं. त्याहून खरं म्हणजे बानं हात लावल्याशिवाय कोणी गडी हात लावणार नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते. नानाही बघत होते. नाना हसून म्हणाले, "किस्ना, जमंल तुला. हात इसरले नसतील अजून."

बा उठला. मला वाटलं तो पहार टाकून घरी जातो. तो काठाशी आला, खाली बघितलं आणि साहेबांना विचारलं, "साहेब, हे ढोर कोणाचं?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "म्हणजे जात कोणती ते अजून सांगता येणार नाही..."

"जात न्हाई विचारून राह्यलो. मालक कोण ह्याचा?"

 साहेबांना मग उमगलं असावं, कारण त्यांनी फार सावकाश उत्तर दिलं. "कोणीच नाही, किसनराव. हे जगलं तेव्हा माणूसच नव्हता. ना मालक होता, ना गाव."

"सांगावा धाडणारा कोणी न्हाई?"

"नाही."

"मंग येतो," बा म्हणाला आणि दोर धरून खाली उतरला. जाताना नानांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

त्या दुपारचं सगळं मला सलग आठवत नाही. बाची छिन्नी आठवते, इतका हलका ठोका की जणू झोपलेल्या कोणाला जागं करायचं नव्हतं. दुसरे गडी उतरले. तो तुकडा हळूहळू मोकळा होत होता आणि वर पांढऱ्या मातीचा ढीग तयार होत होता, कोरडा. शेवटी माय घरी गेली. तिनं रांजण खरडला, आणि तांब्या घेऊन आली, आणि सगळ्यांदेखत मातीत ओतला. त्यात बहिणींचं संध्याकाळचं पाणी होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मग एकेक बाई घराकडे गेली आणि एकेक तांब्या घेऊन आली, एकीनं तर वाटीत आणलं. नाना बघत होते. थोड्या वेळानं ते निघून गेले.

आमची बाज विहिरीत सोडली आणि तो लिंपलेला तुकडा तिच्यावर बांधला. अर्ध्यावर आल्यावर एका कोपऱ्याचा दोर सटकला. बाज तिरकी झाली, लेपाचा एक कोपरा निखळून खाली पडला आणि साहेब "गेलं" म्हणून ओरडले. बा विहिरीच्या भिंतीतल्या मधल्या खाचेवर पाय रोवून उभा होता. त्यानं खांदा खाली घातला आणि सगळं वजन अंगावर घेतलं. दोर पुन्हा ओढेपर्यंत तो तसाच राहिला. त्याचा गाल त्या ओल्या लेपाला टेकलेला होता. वर आल्यावर त्याचं अर्धं तोंड पांढरं झालेलं, आणि वस्तीतलं एकही माणूस हसलं नाही.

ते जनावर कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. सुरुंगाचे दगड लांबवर उडतात. बा म्हणाला, "घरात." म्हणजे आमच्या घरात. ज्या घरात मेल्या जनावराचं नाव काढायचं नाही, त्या घरात रांजणाशेजारी ते नेऊन ठेवलं. इस्माईलभाईनं दारू भरली, बत्ती लावली, "हट जाओ" म्हणून आरोळी दिली आणि पळत येऊन आमच्याच भिंतीला पाठ लावून बसला. साहेब त्या लेपावर पालथे पडले, वर छपराची माती पडू नये म्हणून. धडाका झाला, भांडी हलली, आणि नंतर नुसती धूळ. इस्माईलभाई डबा काखेत मारून गाडी गाठायला पळाला. आम्ही विहिरीवर धावलो. खाली फुटलेल्या तांबड्या दगडांचा खच होता. पाणी नव्हतं.

 साहेबांचा चेहरा उतरला होता. माय त्यांना म्हणाली, "जेवून घ्या." ते आमच्यात बसून मिलोची भाकर खाऊ लागले. पाणी मागायचं त्यांनी टाळलं हे माझ्या लक्षात आलं. जाताना मायला म्हणाले, "ट्रक येईपर्यंत लेप ओला राहिला पाहिजे. भेगा गेल्या तर आतलं सगळं फुटेल." मायनं मान हलवली. ओला कशानं ठेवायचा ते तिनं विचारलं नाही.

तो तुकडा आज एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात काचेमागं आहे. पुष्कळ वर्षांनी मी शाळेच्या पोरांना घेऊन गेले होते. नवी जात निघाली. आधी कुठंच न सापडलेली. तिचं लांबलचक नाव मला पाठ आहे, पण त्यात आमचं गाव नाही, साहेबांचं नाव नाही, बाचं तर नाहीच. सोबतच्या शिक्षकांना ते खटकलं. मला नाही खटकलं. जगातलं काहीच जन्मापासून ठरलेलं राहत नाही, दातसुद्धा नाही, हाडसुद्धा नाही, हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. प्रत्येक वेळी मला भिंतीवरचा तक्ता दिसला नाही, अर्धं तोंड पांढरं झालेला माणूस दिसला.

सुरुंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गडी दगड उपसायला उतरले. आम्ही पाट्या ओढत होतो. दुपार कलताना खालून येणाऱ्या पाट्या जड व्हायला लागल्या. मला वाटलं मीच दमले. मग एका पाटीतून माझ्या पायावर काहीतरी गार ठिबकलं.   खालून बा वर आला, दोन्ही हातांना तांबडा चिखल, आणि त्यानं हात सगळ्या बायांपुढं धरला. माझ्या शेजारची बाई त्या हाताला हात लावून रडायला लागली. संध्याकाळपर्यंत तळाला गुडघाभर पाणी झालं, गढूळ, तांबडं, आणि मायनं स्वतःच्या हातानं घागर सोडली. काठावर उभं राहून. वरून ओतणारं कोणी नव्हतं. दोर हातातून सरकत जातो त्याचा आवाज तिनं बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असेल, कारण घागर भरली तरी ती तशीच दोर धरून उभी होती.

घरी आल्यावर पाणी निवळेपर्यंत थांबायला कोणाची तयारी नव्हती. बहिणी वाट्या घेऊन उभ्या होत्या. मी तांब्या बुडवला. बा पाय न धुताच दारात बसून नुसता बघत होता. रांजणाशेजारी तो लेप वाळून कडेला भेगाळायला लागला होता.

"इंदू," तो म्हणाला, "पहिलं त्याला घाल."

मी मायकडे बघितलं. कालपासून जी बाई माझ्याशी एक शब्द नीट बोलली नव्हती, ती म्हणाली, "घाल की. बघती काय."

मी तांब्या हळूहळू त्या लेपावर ओतला. माती पाणी पीत गेली, भेगा मिटत गेल्या. बा उठून आत आला, ओल्या लेपावर त्यानं हात ठेवला आणि कोणाला उद्देशून नव्हे असं म्हणाला, "हेबी पाण्यालाच आल्तं."